गावाखालचं गाव: पुरातत्त्व म्हणजे नेमकं काय शोधतात?

हा भाग ऐकताना ज्यांची बसमध्ये रेंज गेली किंवा ज्यांना कानात ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी पूर्ण भाग लिहून देतोय. बोलताना जसं बोललो तसंच बरचसं ठेवलंय. आकडे आणि नावं मात्र नीट तपासून घेतली आहेत.

मी मूळचा वाटूरचा. परतूर तालुका, जिल्हा जालना. जालना, मंठा, परतूर अशा कुठल्याही वाटेने जाताना तुम्ही वाटूर फाट्यावर चहा प्यायला असाल. सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही. पुस्तकं वाचतो, सुट्टीत संग्रहालयं बघतो आणि जे समजतं ते इथे सांगतो.

मित्रांमध्ये पुरातत्त्वाचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग काय, सोनं सापडतं का?" दुसरा प्रश्न डायनासोरचा. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. डायनासोर हा पुरातत्त्वाचा विषयच नाही, तो जीवाश्मशास्त्राचा. डायनासोर संपल्यावर साडेसहा कोटी वर्षांनी माणूस आला. पुरातत्त्व म्हणजे माणसाने मागे ठेवलेल्या वस्तूंवरून माणसाचा अभ्यास. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबलचक आहे. आजचा सगळा भाग म्हणजे तेच उत्तर.

दोन मिनिटं दहा सेकंद

आधी काळाचा हिशोब करू. शाळेत आपण इतिहास म्हणून जे शिकतो ते बहुतेक लिहून ठेवलेलं असतं: शिलालेख, ताम्रपट, बखरी, पत्रं. महाराष्ट्रात वाचता येणारं सगळ्यात जुनं लिखाण म्हणजे नालासोपाऱ्याला सापडलेले सम्राट अशोकाच्या आज्ञालेखांचे तुकडे. इ.स.पू. तिसरं शतक, म्हणजे साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या आधीचं सगळं म्हणजे प्रागितिहास. माणसं होती, पण त्यांनी आपल्याला वाचता येईल असं काही लिहून ठेवलं नाही.

हा न लिहिलेला काळ किती मोठा? तमिळनाडूत चेन्नईजवळ अत्तिरमपक्कम नावाचं ठिकाण आहे. तिथल्या दगडी हत्यारांचं वय सुमारे १५ लाख वर्षं निघालंय. ती बनवणारे आपल्यासारखे आधुनिक मानव नव्हते. आपली जात, होमो सेपियन्स, आफ्रिकेत सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी दिसायला लागते. ही हत्यारं त्याआधीच्या मानवांची. आता हे १५ लाख वर्षांचे चोवीस तास करा. रात्री बारा ते रात्री बारा. अशोकाचे लेख येतात शेवटची दोन मिनिटं दहा सेकंद उरलेली असताना! शिवाजी महाराज, पेशवे, इंग्रज, तुमचा माझा जन्म, सगळं त्या दोन मिनिटांत. उरलेले तेवीस तास सत्तावन्न मिनिटं वाचायला लिपी नाही. तिथे फक्त दगड, हाडं, राख, खापरं आणि माती.

या लांबलचक काळाचे कप्पे पाडायची पद्धत डेन्मार्कहून आली. कोपनहेगनच्या संग्रहालयात ख्रिश्चन थॉमसन नावाचे गृहस्थ होते. वस्तूंचा ढीग लावायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांनी दगडाच्या, कांस्याच्या आणि लोखंडाच्या असे तीन गट केले. १८३६ मध्ये ते छापून आलं: अश्मयुग, कांस्ययुग, लोहयुग. पुढे अश्मयुगाचेही भाग पडले. पुराश्मयुगात शिकार आणि कंदमुळं, मोठी हत्यारं. मध्याश्मयुगात नखाएवढी बारीक हत्यारं. नवाश्मयुगात शेती, जनावरं पाळणं, घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी.

पण हे कप्पे सगळीकडे जसेच्या तसे बसत नाहीत. महाराष्ट्रात पहिले पक्के शेतकरी दिसतात तेव्हा त्यांच्या हातात दगडाची पातीही आहेत आणि थोडं तांबंही. म्हणून आपल्याकडे त्या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. तांबं महाग आणि कमी, रोजचं काम दगडावरच. त्यानंतर थेट लोखंड येतं. विदर्भात नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच उत्खननात सापडली. स्वतंत्र, भरभक्कम कांस्ययुग आपल्या वाट्याला आलंच नाही. त्यामुळे "जग अश्मयुगातून कांस्ययुगात गेलं" असं वाक्य ऐकलं की विचारायचं: कुठलं जग?

गारगोटी आणि हत्यार

आमच्याकडे काळ्या रानात पाळी घातली की गारगोट्या वर येतात. पांढऱ्या, दुधी, कधी लालसर, कधी आतून पट्ट्यापट्ट्यांच्या. त्यामागचं कारण भूगर्भात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्यातल्या पोकळ्यांमध्ये नंतर गारगोटी आणि अकीक जातीचे दगड तयार झाले. पाषाण झिजून काळी माती झाली, पण गारगोट्या कडक, त्या राहिल्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, चकमक म्हणजे काय ते. गारगोटीवर पोलाद मारायचं, ठिणगी कापसावर धरायची, चिलीम पेटवायची.

हाच दगड हत्यारांसाठीही पहिली पसंती, कारण तो फुटतो तेव्हा काचेसारखी धार येते. १८६५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या वाईन नावाच्या अधिकाऱ्याला पैठणच्या समोर, गोदावरीकाठच्या मुंगी गावाजवळ अकीकाचं एक छोटं पातं मिळालं. भारतात अश्मयुगाचा शोध सुरू झाला त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी. रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये मद्रासजवळ पहिली हातकुऱ्हाड ओळखता आली होती. म्हणजे आपली गोदावरी या गोष्टीत पहिल्या पानापासून आहे. मुंगीच्या त्या पात्याचं महत्त्व कशात होतं? ते नुसतं जमिनीवर पडलेलं नव्हतं. नदीच्या ज्या जुन्या थरात प्राचीन जनावरांची हाडं होती, त्याच थरातलं ते होतं. हा "थरातलं" शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आता कुणीही विचारेल, साधा फुटलेला दगड आणि माणसाने फोडलेला दगड ओळखायचा कसा? खुणा असतात. नेमक्या जागी जोरात मार बसला की निघालेल्या छिलक्यावर तिथे छोटा फुगवटा येतो. त्याच्यापासून पुढे लाटा उमटतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. उरलेल्या दगडावर, ज्याला गाभा म्हणतात, एकाशेजारी एक छिलके काढल्याच्या खाचा दिसतात. पण नदीत आपटूनही दगड फुटतो, ट्रॅक्टरच्या नांगरानेही फुटतो. म्हणून एका दगडावर कुणी निकाल देत नाही. एकाच जागी गाभे, छिलके, तयार पाती आणि कचरा असं सगळं मिळालं तर म्हणता येतं की इथे कुणीतरी बसून काम करत होतं.

आणि काय काय मिळतं बघा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे गाव आहे. १९७० च्या दशकात तिथे एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले! कवचाच्या एका तुकड्यावर कोरलेली नक्षीही होती. वय सुमारे २५,००० वर्षं. आपल्या खानदेशात शहामृग पळत होते, आणि त्यांच्या अंड्याच्या कवचाला भोक पाडून गळ्यात घालावं असं कुणाला तरी वाटलं होतं. पोट भरण्यापलीकडचं काहीतरी तेव्हाही माणसाला हवं होतं.

पांढर

आता गावात येऊ. मराठवाड्यात शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. हे शब्द जपून ठेवण्यासारखे आहेत, कारण त्यात पुरातत्त्वाचा पहिला धडा आहे. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली की तिथे चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, चुना, हाडं, खापरं साचत जातात. घर पडलं की त्याच मातीवर नवं घर. हळूहळू टेकाड तयार होतं आणि त्याचा रंग शेजारच्या काळ्या रानापेक्षा फिका, करडा-पांढरा दिसतो. गाव उठून गेलं तरी टेकाड राहतं. महसूलच्या जुन्या कागदांत अशा गावांना बेचिराख म्हणतात, लोक पांढर म्हणतात. आमच्या आबांच्या भाषेत, "गावाखाली गाव असतंय बाबा."

या टेकाडाच्या पोटात थर असतात, आणि नियम अगदी साधा: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. आमच्या धंद्यात सर्व्हरची लॉग फाइल असते. जी ओळ आधी घडली ती आधी, नवी ओळ तिच्यानंतर. पांढर ही मातीची लॉग फाइल आहे, फक्त ती खालून वर वाचायची. पण नियमाला अपवाद आहेत, आणि खरं कौशल्य तिथेच लागतं. समजा, वरच्या थरातल्या माणसाने धान्य साठवायला पेव खणलं. पेव जुन्या थरांना कापत खाली जातं. नंतर ते बुजलं आणि त्यात त्या माणसाची फुटकी बांगडी पडली. आता ती बांगडी खोलीने खाली आहे, पण काळाने वर. पेवाची कड मातीच्या रंगात ओळखता आली नाही, तर हजार वर्षांचा घोळ होतो. उंदराची बिळं, झाडांची मुळं, हेही असेच गोंधळ घालतात.

म्हणून उत्खनन फावड्याने होत नाही. मोजून चौकोन आखतात. दोन चौकोनांच्या मध्ये मातीची भिंत सोडतात, म्हणजे बाजूने थर दिसत राहतात. छोट्या खुरप्याने, ब्रशने, थर एकेक करून उतरवतात. माती चाळतात. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी: कुठला चौकोन, कुठला थर, किती खोल, तारीख काय. बघायला कंटाळवाणं काम आहे. पण सगळं त्या चिठ्ठीत आहे. चिठ्ठी हरवलेलं खापर हे फक्त खापर असतं.

एक गंमत सांगतो. आमच्याकडे जुनी घरं माळवदाची, काही लोक धाबं म्हणतात. लाकडाच्या छतावर मातीचा जाड थर. त्यासाठी काळी माती चालत नाही. ती फुगते, भेगाळते, गळते. पांढरीची माती चिवट, म्हणून पावसाळ्याआधी लोक पांढर खणून माती आणायचे आणि छतावर पसरायचे. किती पिढ्या? मोजता येणार नाही. म्हणजे आमच्या गावांतल्या कितीतरी जुन्या घरांच्या छतावर, खापरांच्या बारीक चुऱ्यासकट, कुणाची तरी दोन हजार वर्षांपूर्वीची घरं पसरलेली असतील. टोपल्याने नेलेल्या मातीने पांढर थोडी झिजायची. आता टोपली गेली, जेसीबी आला. त्यावर शेवटी बोलतोच.

एक बाहुली आणि एक रथ

वस्तू मोठी की तिची जागा मोठी? दोन उदाहरणं घेऊ. एक आपल्याच जिल्ह्यातलं.

भोकरदन. जुनं नाव भोगवर्धन. सातवाहन काळात हे भरभराटीचं नगर होतं. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या लोकांची नोंद आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून तिथे उत्खनन केलं, शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली. भोकरदनला हस्तिदंताच्या कोरीव स्त्रीमूर्ती मिळाल्या आहेत. आता इटलीत चला. १९३८ मध्ये पाँपेई शहरातल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली होती. आधी वाटलं मथुरेची असेल. पुढे म. के. ढवळीकरांनी भोकरदनच्या मूर्तींशी साम्य दाखवून ती इकडचीच असावी असं मत मांडलं.

यात मजा कशात आहे? पाँपेई हे शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. मूर्ती त्या राखेखाली होती. म्हणजे ती ७९ च्या आधीच बनलेली असणार, यात वादच नाही. तिच्यावर तारीख लिहिलेली नाही, सही नाही. पण तिची जागा माहीत आहे, म्हणून वयाची एक पक्की मर्यादा मिळाली. आणि तिच्यामुळे जालना जिल्ह्यातल्या तशाच घडणीच्या मूर्तींच्या काळाचाही अंदाज बळकट झाला. एका जागेच्या नोंदीने दोन हजार वर्षांपूर्वीचं जालना आणि रोम यांच्यातलं अंतर जोडलं.

आता दुसरं उदाहरण. दायमाबाद, श्रीरामपूर तालुका, प्रवरेच्या काठावर. १९७४ मध्ये गावातल्या एका माणसाला झाडाचं खोड उपटताना चार भल्यामोठ्या धातूच्या वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, म्हैस, हत्ती आणि गेंडा. एकूण वजन ६० किलोच्या वर. भारतातल्या प्राचीन धातुकामातल्या सगळ्यात देखण्या वस्तूंमध्ये त्यांची गणना होते. फोटो शोधून बघा, रथ हाकणाऱ्या त्या माणसाच्या उभं राहण्यातच केवढी ऐट आहे!

पण त्या कधीच्या? म. ना. देशपांडे, एस. आर. राव, साळी या उत्खननकर्त्यांचं मत: उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे साधारण चार हजार वर्षांच्या आसपास. डी. पी. अग्रवाल यांनी धातूची तपासणी करून शंका काढली: यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, त्या काळच्या इतर वस्तूंत तसं दिसत नाही, तेव्हा या बऱ्याच नंतरच्या असू शकतात. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. का? कारण वस्तू निघाल्या तेव्हा कुठला थर, शेजारी काय होतं, ही नोंद झालीच नाही. ज्याला सापडल्या त्याचा यात काही दोष नाही, तो बिचारा खोड काढत होता. पण फरक बघा. पाँपेईची वीतभर मूर्ती नक्की बोलते आणि ६० किलोचा ठेवा अर्धवट बोलतो. वस्तू सुंदर असून भागत नाही, पत्ता लागतो.

वय कसं काढतात

थरांवरून आधी-नंतर कळतं. पण आकडा? त्यातली सगळ्यात प्रसिद्ध पद्धत म्हणजे कार्बन-१४. अमेरिकेत विलार्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी ती उभी केली. त्यासाठी १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. झाड, जनावर, माणूस जिवंत असेपर्यंत हवेतून, अन्नातून कार्बन घेत राहतो. त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. मेल्यावर घेणं बंद, आणि आत असलेला कार्बन-१४ घटत जातो. ५,७३० वर्षांनी निम्मा उरतो. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतला कोळसा घेतला तर त्यात सुमारे ७० टक्के उरलेला असतो. मोबाइलची बॅटरी किती टक्के उरली यावरून चार्जर कधी काढला ते ओळखावं, तसंच. साधारण ५०,००० वर्षांनंतर उरतच इतकं कमी की मोजणं अवघड. आणि हे फक्त एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंनाच चालतं: कोळसा, धान्य, हाड, शिंपला. दगडी हत्याराचं वय कार्बनने निघत नाही. त्याच्यासोबत त्याच थरात सापडलेल्या कोळशाचं निघतं. पुन्हा तेच, जागा!

पद्धत चुकीची निवडली किंवा नमुना बिघडलेला असला तर काय होतं, याचं उदाहरण आमच्या शेजारी आहे. मंठ्याच्या पुढे लोणार. उल्कापाताने झालेलं सरोवर. एका पद्धतीने, तापवल्यावर खनिजातून बाहेर पडणारा उजेड मोजून, त्याचं वय सुमारे ५२,००० वर्षं आलं होतं. नंतर आर्गॉन वायूच्या मोजणीने ते सुमारे ५,७०,००० वर्षं निघालं. दहापटीहून जास्त फरक! म्हणून व्हॉट्सॲपवर कुणी "अमुक वस्तू इतक्या हजार वर्षांची" असं पाठवलं तर दोन प्रश्न विचारा. वय कुठल्या पद्धतीने काढलं? आणि नमुना नेमका कशाचा, कुठल्या थरातला?

इनामगाव: सगळं एकत्र आलं की

थर, नोंद, वय हे सगळं नीट जमलं तर काय हाती येतं? इनामगाव. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, ढवळीकर, झेड. डी. अन्सारी आणि त्यांचे सहकारी. शंभराहून जास्त घरं उघडी झाली. लोकांनी तिथे इ.स.पू. १६०० ते ७०० असा जवळपास नऊशे वर्षं संसार केला. आधी माळवा संस्कृतीचे लोक, मग जोर्वे संस्कृतीचे. हे नाव संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून पडलं, तिथे १९५०-५१ मध्ये पहिल्यांदा ती खास लाल भांडी आणि तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या होत्या.

इनामगावकर मातीच्या चौकोनी घरांत राहायचे. मुख्य धान्य जव. आपली ज्वारी मुळात आफ्रिकेतून आलेलं पीक आहे. नदीचं पाणी वळवायला त्यांनी पाट आणि बांध काढला होता. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळायचे, हरणाची शिकार करायचे.

आणि मग दफनं. लहान मूल गेलं की दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. अशी कितीतरी. दफनांतला मोठा भाग मुलांचाच. मोठ्या माणसांना झोपवून पुरायचे, पण घोट्याखाली पाय तोडून. एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात मात्र वेगळंच निघालं. चार पायांचा मातीचा मोठा रांजण, त्यात बसवलेला एक पुरुष, पाय शाबूत. घराला लागून धान्याचं कोठार.

आता यात दोन गोष्टी वेगळ्या करा. पाय तोडलेले होते, हे दिसलं. का तोडले, हे दिसत नाही. मेलेल्याने परत चालत येऊ नये म्हणून, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. पटण्यासारखं आहे, पण तो अंदाज आहे. रांजणात बसवलेला माणूस गावचा प्रमुख, हाही अंदाजच. पण मोठं घर, शेजारी कोठार, वेगळं दफन, शाबूत पाय असे चार धागे एकाच जागी आल्यामुळे तो भक्कम झाला. चांगलं पुरातत्त्व म्हणजे हेच: काय दिसलं आणि काय वाटतं, या दोन वह्या वेगळ्या ठेवायच्या.

शेवटच्या काळात, इ.स.पू. १००० नंतर, चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती घटते, शिकार वाढते. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी लावला. नंतरच्या काही अभ्यासकांनी हाडांचा पुन्हा अभ्यास करून त्यावर प्रश्न उभे केले. पावसाने पाठ फिरवली की गाव कसं हळूहळू रिकामं होतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण आपल्याला ओळखीचं वाटतं म्हणून ते खरं, असंही नाही. हाडं तीच, प्रश्न नवे, आणि तपासता येतं. कारण चिठ्ठ्या जागेवर आहेत.

आता जेसीबी

म्हणून "सोनं सापडतं का?" या प्रश्नाचं माझं उत्तर असं: क्वचित. आणि सोन्यासाठी खणणारा माणूस त्यापेक्षा महाग गोष्ट फेकून देतो. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादात रात्रीतून टेकाडं खणली जातात. त्यासाठी अघोरी प्रकार करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण खड्डा पाडल्यावर थर मेले ते मेले. दुसरीकडे रस्ता, वीटभट्टी, भराव यासाठी पांढरीची माती ट्रॉलीने जाते. आमच्या कामात चूक झाली तर कोड मागच्या आवृत्तीवर नेता येतो. पांढरीला ती सोय नाही. अभ्यासकांचं उत्खननही एका अर्थी नाशच असतो, फरक एवढाच की ते नोंद करून नाश करतात. आणि ते मुद्दाम काही भाग न खणता सोडतात. इनामगाव खणलं तेव्हा हाडांतला प्राचीन डीएनए वाचता येत नव्हता, आज येतो. पुढच्या पिढीकडे आणखी काय असेल, कुणास ठाऊक. त्यांच्यासाठी थर शिल्लक तरी पाहिजेत.

विकास नको, असं मी म्हणत नाही. घरं हवीत, रस्ते हवेत. ज्याच्या सातबाऱ्यावर टेकाड आहे, त्याला ते सपाट करून चार ओळी कापूस जास्त लावावासा वाटणारच. पण माती कुठून उचलायची याला पर्याय असतात. आणि खणायच्या आधी एकदा दाखवलं, तर निदान नोंद तरी होते.

तुम्ही काय करू शकता? अगदी थोडं, पण उपयोगाचं. काही सापडलं तर उचलू नका. आधी जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. मोबाइलमधलं लोकेशन जतन करा. मातीची कापलेली कड दिसत असेल तर तिचाही फोटो घ्या. तलाठी, तहसीलदार यांना कळवा. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, तिथे कळवा. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. हो, १८७८, आणि दहा रुपयेच! जुनी मूर्ती, नाणी विकत घेणारा कुणी गावात फिरत असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, परवान्याशिवाय हा धंदा करता येत नाही.

आणि एक काम घरातलं. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारा: पांढर कुठे आहे? जुनं गाव कुठे होतं? का उठलं? गढीची माती कुठून आणली होती? उत्तरं रेकॉर्ड करा. ती माणसं हीसुद्धा थरच आहेत, आणि तिथेही परत जाऊन वाचायची सोय नाही.

तुमच्या गावच्या टेकाडाला काय म्हणतात ते मला नक्की कळवा. पांढर, गढी, बेचिराख, की आणखी काही. पुढच्या भागात पैठण आणि तेर. तोपर्यंत, राम राम मंडळी.